हातांत उरलेला दस्तऐवज

कागदपत्रांत इतिहास शोधणाऱ्या मला नृत्याने नेहमीच चकवले. नर्तक गेला की मागे काय उरते? एक उत्तर अमेरिकेतील समकालीन नृत्याच्या इतिहासात सापडले. बिल टी. जोन्स आणि आर्नी झेन १९७१ साली भेटले, जोडीदार झाले. १९८२ साली त्यांनी नृत्यसंस्था काढली. ३० मार्च १९८८ रोजी एड्सने झेन गेला. पुढच्याच वर्षी जोन्सने दूरचित्रवाणीसाठी ‘अनटायटल्ड’ हे एकल नृत्य केले. हातांच्या हालचाली झेनच्या जुन्या रचनेतल्या, सोबत झेनचाच ध्वनिमुद्रित आवाज. अनेक घरांत या आजाराचे नावही लपवले जाई, त्या काळात जोन्सने आपला शोक चारचौघांत मांडला. माझ्या लेखी हाही अस्सल दस्तऐवजच. फक्त तो मागे राहिलेल्याच्या हातांनी जपला.