वाटेचा परवाना

परदेशच्या प्रवासाचा बेत ज्यांच्या घरीं चालला असेल त्यांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. जावयाचें असतें एका देशीं, वाटेंत लागतात आणखी दोन-तीन, आणि परवाने मात्र उलट्या क्रमानें मिळवावे लागतात. शेवटच्या देशाचा व्हिसा आधीं, त्याच्या अलीकडच्याचा मागाहून. कारण अलीकडचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो हाच, कीं 'आमच्या भूमीवरून पुढें कोठें जाणार? तेथें तुम्हांला घेणार आहेत काय?' या प्रश्नाचें उत्तर कागदावर दाखवितां आलें तरच त्याचा शिक्का पडतो. युरोपांतील २९ देशांचा आतां एकच शेंगेन व्हिसा असल्यामुळें तेवढ्या मुलुखापुरती ही साखळी आंखूड झाली आहे; इतरत्र ती आहे तशीच आहे. पुढें जाण्यापुरत्या या परवानगीला ट्रान्झिट व्हिसा म्हणतात. आपण त्यास वाटेचा परवाना म्हणूं.

ही साखळी फारशी जुनी नाहीं. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेस गेल्या व त्याच वर्षीं पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या. आनंदीबाईंना स्वजनांचा विरोध सोसावा लागला, परंतु व्हिशासाठीं कोणत्याहि वकिलातीच्या दारांत उभें राहण्याची पाळी दोघींपैकीं एकीवरहि आली नाहीं. रशिया व तुर्की साम्राज्य वगळलें तर त्या काळच्या युरोपांत बहुतेक ठिकाणीं पासपोर्ट कोणी मागत नसे. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, हेरांची धास्ती सर्वत्र पसरली, आणि एकामागून एक सरकारांनीं सरहद्दीवर कागद मागण्यास आरंभ केला. ही व्यवस्था युद्धापुरती आहे असेंच सर्व समजत होते. युद्ध संपलें, व्यवस्था राहिली. सरकारी तात्पुरतेपणाचें आयुष्य फार दीर्घ असतें.

हिंदुस्थानांत प्रवेशाच्या वेळीं पासपोर्ट दाखविण्याचा कायदा १९२० सालीं झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत राष्ट्रसंघानें पॅरिस येथें एक परिषद भरविली आणि ३२ पानांच्या पासपोर्ट-पुस्तिकेचा नमुना ठरविला. वाटेच्या परवान्याविषयीं परिषदेची शिफारस अशी होती, कीं पुढच्या देशाचा व्हिसा दिसला म्हणजे अधिक चौकशी न करितां तो तत्काळ द्यावा. प्रवेशाच्या व्हिशास दहा सुवर्ण-फ्रँकांपर्यंत शुल्क असावें, वाटेच्या परवान्यास एकच. सर्व परवान्यांत हा असा धाकटा आणि स्वस्त. त्याला स्वतःचा आधार नाहीं. त्याचा सारा भार पुढच्या कागदावर. पुढचा कागदच नसेल तर काय होतें, हें १९४० च्या उन्हाळ्यांत लिथुआनियांतील कौनास या गांवीं दिसून आलें.

१९३९ च्या सप्टेंबरांत जर्मनी आणि रशिया यांनीं पोलंड वांटून घेतला, तेव्हां हजारों पोलिश यहुदी शेजारच्या लिथुआनियांत आश्रयास आले. तो लहानसा देश तोंपर्यंत तटस्थ होता. १५ जून १९४० रोजीं रशियन फौजा तेथें शिरल्या, आणि ३ ऑगस्टला तो सोव्हिएट संघांत सामील करून घेण्यांत आला. निर्वासितांना पश्चिमेस वाट नव्हती, कारण तिकडे जर्मनी होती. इटली युद्धांत उतरल्यामुळें भूमध्य समुद्राचा मार्गहि बंद झाला होता. उरली ती पूर्व दिशा: मॉस्कोहून सैबेरियाच्या रेल्वेनें सुमारें ९,३०० किलोमीटर व्लाडिव्होस्टॉकपर्यंत, तेथून बोटीनें जपान, आणि जपानहून पुढें. पण पुढें कोठें? जपान वाटेचा परवाना देईल, परंतु शेवटचा देश पाहिजे. आणि या लोकांना घेण्यास कोणताच देश तयार नव्हता.

तो शेवटचा देश एका ओळीनें निर्माण झाला. पोलंडांत विवाह करून गेलेल्या एका डच स्त्रीनें रीगा येथील डच वकील दे डेकर यांना विनंती केली. हॉलंड मे महिन्यांतच जर्मनांच्या हातीं पडलें होतें, तरी अमेरिका खंडांतील सुरिनाम व कुरासाओ हे डच प्रदेश शाबूत होते. तेथें व्हिसा नसे. उतरण्याची परवानगी तेथील गव्हर्नर देत असे, आणि ती क्वचितच मिळे. दे डेकर यांनीं त्या बाईच्या पासपोर्टावर फ्रेंच भाषेंत एवढेंच लिहिलें, कीं सुरिनाम, कुरासाओ व अमेरिकेंतील इतर डच मुलुखांत प्रवेशास व्हिसा लागत नाहीं. गव्हर्नरासंबंधींचें वाक्य त्यांनीं गाळलें. लिहिलें तें अक्षरशः खरें होतें. जें खोटें होतें तें लिहिलेंच नव्हतें!

कौनास येथें डच कॉन्सलचें काम नुकतेंच यान झ्वार्टेंडाइक यांच्याकडे आलें होतें. ते मुत्सद्दी नव्हते; फिलिप्स कंपनीचे तेथील व्यवस्थापक, रेडिओ आणि दिवे विकणारे गृहस्थ. दे डेकर यांची ओळ त्यांनीं उतरून घेतली आणि मागेल त्याच्या कागदावर ते ती लिहूं लागले. पहिल्यांदा हातानें, पुढें गर्दी आंवरेना तेव्हां रबरी शिक्क्यानें. २४ जुलैपासून ३ ऑगस्टपर्यंत दोन हजारांहून अधिक कागदांवर त्यांनीं ती उमटविली. मग कचेरी बंद झाली.

हे कागद घेऊन लोक गेले ते जपानी उपकॉन्सल चिउने सुगिहारा यांच्या दारीं. सुगिहारा हे १९०० सालीं जन्मलेले, रशियन भाषा उत्तम जाणणारे गृहस्थ. त्यांनीं तोकिओस तारा करून विचारलें. उत्तर आलें तें असें, कीं शेवटच्या देशाची व्यवस्था पुरी झाली आहे आणि जवळ पुरेसा पैसा आहे अशांनाच परवाना द्यावा. या उत्तराबद्दल तोकिओच्या अधिकाऱ्यांना दुष्ट ठरविण्याची चाल आहे; मला ती पटत नाहीं. वाटेच्या परवान्याचा नियमच तो. पण नियम बरोबर असून माणसें मरणार होतीं, हा खरा पेंच होता. आणि सुगिहारा यांनीं कुरासाओची ओळ हीच शेवटच्या देशाची व्यवस्था असें मानून लेखणी उचलली. ओळ किती पोकळ आहे हें त्यांच्यासारख्या मुरलेल्या अधिकाऱ्यास दिसलें नसेल असें कोण म्हणेल? ते जपानी लिपींत हातानें परवाने लिहीत राहिले. कचेऱ्या बंद करण्याचा सोव्हिएट हुकूम सुटला होता, तरी ऑगस्टच्या अखेरीपर्यंत त्यांचें काम चाललें. त्यांनीं पुढें तोकिओस पाठविलेल्या यादींत २,१०० हून अधिक नांवें आहेत. एकेका परवान्यावर कधीं कधीं सारें कुटुंब असे, म्हणून माणसें त्याहून अधिक.

सुगिहारा यांचें नांव आज जगभर घेतलें जातें तें योग्यच आहे. परंतु एकट्यानें साखळी होत नाहीं. दे डेकर व झ्वार्टेंडाइक यांची ओळ नसती तर सुगिहारा यांना लिहिण्यास निमित्तच उरलें नसतें. शिवाय मधली कडी मॉस्कोच्या हातांत होती. सोव्हिएट सरकारनें देश सोडण्याची परवानगी दिली आणि सरकारी प्रवास-संस्थेनें भाडें डॉलरांत मागितलें. तें भाडें पुष्कळांना परदेशांतील यहुदी संस्थांच्या मदतीनें भरतां आलें. या परवानगीमागें दया किती आणि डॉलरांचा लोभ किती, याची वांटणी करीत बसण्यांत अर्थ नाहीं. गाडी सुटली, हें महत्त्वाचें.

शेवटच्या कडीचें मोल केवढें होतें हें १९४१ च्या मार्चमध्यें कळून आलें. जपानच्या त्सुरुगा बंदरांत एका बोटीनें सुमारें सत्तर निर्वासित आले. त्यांच्यापाशीं जपानी परवाना होता, पण कुरासाओची ओळ नव्हती. बंदराच्या अधिकाऱ्यांनीं त्यांना उतरूं दिलें नाहीं. बोट त्यांना घेऊन व्लाडिव्होस्टॉकला परत गेली. तेथें सोव्हिएट अधिकारी घेईनात. जमीन दोन्हीकडे दिसते आणि पाय ठेवण्यास जागा नाहीं, अशा स्थितींत तीं माणसें पुन्हां त्सुरुगाच्या वाटेस लागलीं. दरम्यान कोबे येथील डच कॉन्सलकडून त्यांच्यासाठीं तीच ओळ मिळविण्यांत आली, आणि तीच माणसें त्याच बंदरांत उतरलीं. शाळेंत इतिहास शिकवितांना आम्ही मुलांकडून तहांचीं कलमें पाठ करून घेत असूं. पासपोर्टावरच्या एका ओळीस त्या पुस्तकांत जागा नसे.

वाटेचा परवाना थोड्याच दिवसांचा होता. कोबेच्या लहानशा यहुदी समाजानें खटपट करून मुदती वाढवून घेतल्या, आणि तोकिओ येथील पोलिश वकील तादेउश रोमर यांनीं कित्येकांना इतर देशांचे व्हिसे मिळवून दिले. ज्यांना कोठलाच देश मिळाला नाहीं त्यांना १९४१ सालीं शांघायला धाडण्यांत आलें, आणि युद्ध संपेपर्यंत ते तेथेंच राहिले. इकडे जून १९४१ मध्यें जर्मन फौजा लिथुआनियांत शिरल्या. मागें राहिलेल्या तेथील यहुद्यांपैकीं ९० टक्क्यांहून अधिक मारले गेले.

सुगिहारा १९४७ सालीं परराष्ट्रखात्यांतून बाहेर पडले. त्यांचा गौरव व्हावयास १९८४ साल उजाडावें लागलें, आणि दोनच वर्षांनीं ते वारले. झ्वार्टेंडाइक तर १९७६ सालींच गेले होते. त्यांचा गौरव १९९७ मध्यें झाला. ज्या कुरासाओच्या नांवावर हा सारा प्रवास झाला, तें बेट या प्रवाशांपैकीं बहुतेकांनीं कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं.