टिकल्या लावलेली लक्ष्मी

तैलचित्र करवून घेणं हे संस्थानिकांचं काम. चाळीतल्या बिऱ्हाडाला भिंतीवर लक्ष्मी हवी असेल, तर ती कागदावर उतरायला हवी होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली गिरगावात छापखाना काढला आणि ती सोय झाली. यंत्रं जर्मनीची, कारागीरही तिकडून आलेले. पहिलं चित्र निघालं शकुंतलेच्या जन्माचं. घराघरांत जाऊन बसल्या त्या मात्र लक्ष्मी आणि सरस्वती.

छापील म्हटलं की हाताचा संबंध संपला, असं आपल्याला आज वाटतं. शिळाछापात तसं नव्हतं. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र उलटं काढायचं. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की ओली जागा शाई झिडकारते आणि तेलकट रेघ तेवढी ती धरते. हा झाला एक रंग. साडीच्या लालासाठी एक दगड, कमळाच्या गुलाबीसाठी दुसरा, चेहऱ्याच्या कांतीसाठी आणखी वेगळे. प्रत्येक दगडावर तोच कागद नेमक्या जागी बसवायचा. जरा सरकला की देवीचे ओठ हनुवटीवर!

एवढं होऊन चित्र घरी आलं की पुन्हा हात फिरायचा. छापलेल्या साडीवर खऱ्या कापडाचा तुकडा चिकटवायचा, काठाला जर, दागिन्यांच्या जागी मणी आणि टिकल्या. एकाच छापाच्या शंभर लक्ष्म्यांतली आपली लक्ष्मी अशी वेगळी व्हायची. अशी नटवलेली चित्रं आज संग्राहक शोधत फिरतात.

छापखाना गिरगावात फार काळ राहिला नाही. शहरात प्लेग होता. शतक सरता सरता तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. तिथल्या कामाशी संबंध आलेले दादासाहेब फाळके यांनी नंतर दादरला स्वतःचा कलामुद्रणाचा कारखाना चालवला. सिनेमा पुढचा.

चित्र लहान होत होत हातात मावू लागलं ते पोस्टकार्डामुळे. सरकारी कार्ड १ जुलै १८७९ला आलं, किंमत पाव आणा. चित्रांची कार्डं त्यानंतरची. रविवर्मा यांच्या छापखान्यानेही ती काढली. सुरुवातीला मागची बाजू फक्त पत्त्यासाठी राखलेली असे, म्हणून लिहिणारा चित्राच्या कडेलाच दोन ओळी कोंबायचा. जे. जे. स्कूलचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी अशा कार्डांसाठी मुंबईची माणसं रंगवली. त्यांची रेघ मिश्कील होती. रविवर्मा यांच्या नायिका उसासे टाकतात, धुरंधरांच्या बायका रस्त्यावरून ठसक्यात चालतात.

मुलांच्या वाट्याला त्याहून छोटं चित्र आलं. भारतात विकायच्या काड्यापेट्यांवर परदेशी कारखानदार देवादिकांची चित्रं लावत, त्यांत रविवर्मा यांच्या चित्रांवरून केलेलीही होती. पुढे देशी काड्यापेट्या आल्या, तरी छंद तोच राहिला: पेटी पाण्यात भिजवायची, छाप अलगद सोडवायचा, वहीत दाबून वाळवायचा. जो दोनदा आला तो शेजारच्या खोलीतल्या दोस्ताला द्यायचा आणि त्याच्याकडचा आपण घ्यायचा. घासाघीस अर्थातच व्हायची.

संक्रांतीला मात्र मोठी माणसंही या खेळात उतरत. तळहाताएवढं कार्ड, त्यावर पतंग किंवा हलव्याच्या दागिन्यांतलं बाळ, ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ ही अक्षरं आणि आत हलव्याच्या चार दाण्यांची कागदी पुडी. दुकानातलं परवडलं नाही तर जाड कागद कापून, रंगीत पेन्सिलींनी घरीच. एक आलं की एक पाठवायचं, हा हिशेब चोख. कार्ड टपालाने जायचं. शिक्का नेमका पुडीवर बसला तर पाकिटातून हलव्याचा भुगा निघायचा, आणि कार्ड वाचायच्या आधी तो तळहातावर घेऊन चाटला जायचा.