माशांची टाकी घरी जोडताय? सिलिकॉन बघून घ्या

काचेची टाकी घरी जोडायची तर दुकानात नुसतं ‘सिलिकॉन द्या’ म्हणू नका. बाथरूमचं सिलिकॉन हातात पडू शकतं. त्यात बुरशी मारणारं औषध असतं, ते पाण्यात उतरलं की मासे मरतात. नळीवर ‘अँटी फंगल’ किंवा ‘सॅनिटरी’ लिहिलेलं असेल तर स्वस्त असलं तरी परत द्या. ‘अ‍ॅक्वेरियम’ लिहिलेलं, मुदतीतलं घ्या. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो सुकल्यावर जातो.

हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं. जुहूच्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते लवकर धरतं, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात वेळ लागतो. वरून सुकलं तरी आत ओलं असतं, म्हणून आठवडाभर पाणी भरू नका. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ किलो पाणी बसतं. जोड सुटला तर ते सगळं घरात.

काच आधी अ‍ॅसिटोनने पुसा, तेलकट बोट लागलं तरी पकड जाते. गळकी टाकी असेल तर जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा, त्यावर नवं नीट चिकटत नाही. पहिलं पाणी अंगणात भरून दोन दिवस बघा आणि ओतून द्या.