लक्ष्मीबाई टिळकांनी सोडलेला राग

आपल्या बचत गटात थकलेल्या हप्त्यावरून जेवढी भांडणं होतात, त्याहून जास्त जुन्या बोलण्यावरून होतात. ‘तिनं मला चारचौघींत बोलून दाखवलं’ हे दहा वर्षांनीही वारासकट आठवतं. म्हणून आज लक्ष्मीबाई टिळकांविषयी बोलते.

त्यांचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके सोवळे की मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायचे. (धुतल्यावर मीठ उरत किती असेल, देव जाणे!) अशा घरातली ही मुलगी लहानपणीच कवी नारायण वामन टिळकांची बायको झाली. टिळक मनानं मोठे, पण भारी संतापी. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे. घरात काय शिजणार, याची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची.

1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोच्या मनाची तयारी नव्हती. त्या काळी याचा अर्थ काय होता बघा. नवरा जिवंत, कपाळावर कुंकू, पण स्वतःचं घर नाही. लहान दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आसऱ्यानं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची कीव सोसायची. अशी चार-पाच वर्षं गेली.

मग त्या अहमदनगरला टिळकांकडे गेल्या. पण सगळं विसरून गेल्या, असं नाही. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळंही तसंच. हळूहळू, स्वतःच विचार करून, माणसामाणसांतली ही शिवाशिव देवानं केलेली नाही असं त्यांच्या मनानं घेतलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा. मला यातली ही सावकाशी फार मोलाची वाटते. आपल्याकडे बाईला ‘सोडून दे आता’ असं एका वाक्यात सांगतात, तेही तिचं म्हणणं ऐकून न घेता. आणि मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जा, असा क्षमेचा अर्थ कुणी सांगितला तर तो मुळीच मानू नका.

ख्रिस्ती लोक रोज जी प्रभूची प्रार्थना म्हणतात, तिच्यात मत्तयाच्या शुभवर्तमानात अपराधांसाठी ‘ऋण’ हाच शब्द आहे. आम्ही आमच्या ऋणकऱ्यांना सोडलं, तसं तू आम्हाला सोड, असा तिचा भाव. येशूनं एका चाकराची गोष्टही सांगितली. धन्यानं त्याचं डोंगराएवढं कर्ज सोडलं. त्यानं मात्र शंभर दिवसांच्या मजुरीएवढ्या रकमेसाठी सोबत्याचा गळा धरला. कर्जाचं काम करणाऱ्या आपल्याला हे पटकन कळतं. कर्ज माफ केलं म्हणून वहीतलं पान कुणी फाडत नाही. नोंद राहते, वसुली थांबते.

लक्ष्मीबाईंनी नेमकं हेच केलं. ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याचा संताप आहे, उधळेपणा आहे, ती एकटेपणाची वर्षंही आहेत. काही झाकलेलं नाही. तरी वाचताना आपण हसतो, कारण लिहिणारी आता काही वसूल करायला बसलेली नाही. शाळेत न गेलेल्या बाईनं लिहिलेलं हे पुस्तक आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत गणलं जातं. गटात एकीनं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, असं आहे.

टिळक 1919 साली वारले. येशूच्या चरित्रावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य तेव्हा अर्धवटच होतं. पुढचे अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.