पगाराची 7 तारीख

सकाळी 9:45. पैसे सुटायला सव्वासहा तास.
चाकण भागातल्या एका कारखान्याची पगाराची एक्सेल फाइल उघडते. हजेरीतून ओव्हरटाइमचे तास उचलून पगाराच्या शीटमध्ये टाकायचं काम एक मॅक्रो करतो. तो लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय. कुणीतरी हजेरीच्या शीटचं नाव बदललंय. मॅक्रो जुनंच नाव शोधतो आणि 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज' म्हणून अडतो. क्लार्क 'एंड' दाबतो.

घात इथेच झाला. काम झटपट उरकावं म्हणून मॅक्रोनं सुरुवातीलाच आकडेमोड 'मॅन्युअल'वर टाकली होती, सेव्ह करताना होणारी आकडेमोडही बंद केली होती. हे पूर्ववत करणाऱ्या ओळी अगदी शेवटी होत्या. तिथवर तो पोचलाच नाही.

11:15. पावणेपाच तास.
आयटीचा मुलगा येतो. "मॅक्रोच काढून टाकतो. तास या वेळी हातानं भरा." फाइल एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह होते; या प्रकारात मॅक्रो राहतच नाही. एरर गेली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आकडेमोडीची सेटिंग फाइलीतच साठवली जाते. ती तशीच राहिली. पुसण्याआधी कोड वरपासून खालपर्यंत वाचला असता, तर त्या ओळी दिसल्या असत्या. हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी त्या पोराला दोष देणार नाही.

दुपारी 1:30. अडीच तास.
दसऱ्याआधीचा महिना, नाइट शिफ्टवाल्यांचे तास भरपूर. तास बदलतात, शेजारचा नेट पगार जागचा हलत नाही. चार नव्या मुलांसाठी वरच्या ओळीतला फॉर्म्युला खाली ओढला. मॅन्युअलमध्ये ओढलेल्या खान्यांत वरच्याचाच आकडा उतरतो. पाच ओळी, पाचही जणांना 21,460. स्क्रीनच्या तळाशी डावीकडे 'कॅल्क्युलेट' हा शब्द सारखा दिसतोय.

3:20. चाळीस मिनिटं.
नेट पगाराचा कॉलम व्हॅल्यू म्हणून बँकेच्या फाइलीत पेस्ट. तपासणाऱ्यानं माणसं मोजली, बरोबर भरली. बँकेच्या पोर्टलवरची एकूण रक्कम शीटच्या बेरजेशी ताडून पाहिली असती तर तिथेच अडलं असतं, कारण शीटवरची बेरीज अजून मागच्याच महिन्याची होती. माणसं मोजून पगार तपासला म्हणणं मला मुळीच पटत नाही. पण कायद्यानं 7 तारखेपर्यंत पगार व्हायलाच हवा, आणि आज 7 तारीख.

4:00. मंजुरी.
डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास, दर अर्ध्या तासाला चालतं. साडेचारच्या खेपेत पैसे गेले.

4:50.
"साहेब, माझा ओव्हरटाइम कुठं गेला?" नाइटचा एक फिटर. मग फोन थांबेनात.

5:05.
कुणीतरी आकडेमोड नव्यानं करायला लावणारं एफ9 दाबतं. अख्खा कॉलम बदलतो. कमी मिळालेल्यांना फरक रात्री पाठवता येईल. बिनपगारी रजेवर असूनही पूर्ण पगार मिळालेल्यांकडून मात्र रक्कम त्यांच्या खात्यातून संमतीशिवाय परत घेता येणार नाही, आणि त्यातल्या काहींचे कर्जाचे हप्ते त्यातून कापलेही गेलेत.