काटेरी झुडपाची सावली : सीमाप्रश्न, आततायी राजकारण आणि लोकशाही

शास्ते ह्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात अबीमलेखाच्या राज्यारोहणाची हकिगत आली आहे. शखेमच्या नागरिकांनी त्याला राजा केले ते त्याची योग्यता पाहून नव्हे. तो आपल्या नात्यागोत्याचा आहे, एवढेच त्यांना पुरेसे वाटले. देवळाच्या भांडारातून त्यांनी त्याला सत्तर रुपे दिले, त्या पैशावर त्याने उडाणटप्पू माणसे हाताशी धरली आणि आपल्या भावांची एकाच धोंड्यावर कत्तल केली. त्या कत्तलीतून वाचलेला धाकटा भाऊ योथाम डोंगरमाथ्यावर उभा राहून शखेमकरांना झाडांची गोष्ट सांगतो. झाडे आपला राजा निवडावयास निघतात. जैतून, अंजीर व द्राक्षवेल आपापल्या कामात गुंतलेली असल्याने नकार देतात. अखेर काटेरी झुडूप होकार देते. सावलीत न आल्यास आपल्यातून आग निघेल, असेही ते बजावते.

ह्या गोष्टीवर प्रवचन करताना बहुधा झुडपाच्या दुष्टपणावर भर दिला जातो. आम्हांस मात्र दुसऱ्या दोन गोष्टी अधिक विचारार्ह वाटतात. आपलेपणाखेरीज ज्याच्यापाशी काहीही नव्हते अशा माणसाला लोकांचा पाठिंबा मिळाला कसा, ही एक. आणि ज्यांना हे टाळता आले असते ती तीन झाडे त्या वेळी काय करीत होती, ही दुसरी. हे दोन प्रश्न मनाशी धरून आपल्या अलीकडच्या इतिहासातील एक प्रकरण येथे तपासावे, असा आमचा हेतू आहे. ते प्रकरण १९६९ साली मुंबईत घडले. परंतु ज्या प्रदेशाच्या नावाने ते घडले त्यात आमचा हा जंगलांनी वेढलेला जोयडा तालुका, त्या वेळचा सुपा तालुका, समाविष्ट होता.

प्रश्न खरा होता

उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेनुसार तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. बेळगाव जिल्ह्याचेही तेच झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा बेळगाव, खानापूर, निपाणी, तसेच कारवार, हल्याळ व सुपा हे मुलूख त्याच्या बाहेर राहिले. ह्या मुलखांतील मराठी भाषकांची तक्रार खोटी नव्हती. ज्या भाषेत मूल विचार करते त्या भाषेत त्याने शिकावे, आणि ज्या कागदावर शेतकऱ्याचा अंगठा घ्यावयाचा तो कागद त्याला वाचून कळावा, ही मागणी कोणत्याही लोकशाहीत रास्तच मानली पाहिजे.

तथापि प्रश्न नकाशावर दिसतो तितका सोपाही नव्हता. सुपा तालुक्यातील बहुतेक घरांत कोकणी बोलली जाते, शाळेत व भजनात मराठी चालते आणि कचेरीचा व्यवहार कन्नडमध्ये होतो. कुणबी, गवळी, सिद्दी अशा निरनिराळ्या समाजांचे हे वाडे रानात विखुरलेले आहेत. अशा मुलखाची वाटणी एका भाषेच्या रंगाने करता येत नाही. त्यासाठी पुष्कळ ऐकून घ्यावे लागते आणि पुष्कळ थांबावेही लागते.

सीमाभागातील लोकांनी आरंभी सनदशीर मार्गच धरला. महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार त्यांनी वारंवार निवडून दिले. १९६६ साली सेनापती बापटांनी वृद्धापकाळात उपोषण केले. त्याच वर्षी केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन ह्यांचा एकसदस्य आयोग नेमला. १९६७ साली आलेल्या त्याच्या अहवालात निपाणी, खानापूर, नंदगड ह्यांसह २६४ गावे महाराष्ट्रास व २४७ गावे म्हैसूरास द्यावीत, आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, असे सुचविले होते. म्हैसूरने अहवाल स्वीकारला, महाराष्ट्राने फेटाळला, आणि केंद्राने घोंगडे भिजत ठेवले. अहवाल अमलात आला नाही आणि दुसरा मार्गही काढला गेला नाही. आततायी राजकारण ज्या फटीतून आत शिरते ती ही फट होय. लोकांची तक्रार खरी आहे, कायद्याचा मार्ग त्यांनी चोखाळला आहे आणि त्या मार्गाच्या टोकाशी त्यांना बंद दार लागले आहे, अशा वेळी दार फोडण्याची भाषा करणारा माणूस त्यांना शूर वाटू लागतो.

संतापाला मिळालेला चेहरा

हा माणूस मुंबईत तयार होता. १९६० साली श्री. बाळ ठाकरे ह्यांनी ‘मार्मिक’ साप्ताहिक सुरू केले. १९६१ च्या जनगणनेनुसार मुंबईत मराठी भाषकांचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. शिकलेल्या मराठी तरुणांची संख्या वाढत होती, नोकऱ्या मात्र त्या मानाने वाढत नव्हत्या. ‘मार्मिक’मध्ये कंपन्यांतील व कचेऱ्यांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर तिची पहिली विराट सभा भरली.

शिवसेनेला मिळालेला पाठिंबा केवळ द्वेषातून आला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्या शाखांनी नळाच्या पाण्याची तक्रार ऐकली, रुग्णाला इस्पितळात जागा मिळवून दिली आणि चाळीतल्या बेकार तरुणाला काम व मान दिला. इतर पक्षांचे पुढारी निवडणुकीपुरते दिसत. शाखेचे दार रोज संध्याकाळी उघडे असे. परंतु ह्या मदतीबरोबरच एक शिकवणही दिली जात होती. बेकारीची कारणे उद्योगधंद्यांच्या मंदगतीत, भांडवलाच्या व शिक्षणाच्या व्यवस्थेत होती. ती कारणे डोळ्यांना दिसत नाहीत. उडुपी हॉटेलाचा मालक आणि कचेरीतला दाक्षिणात्य टंकलेखक मात्र रोज दिसतो. संतापाला त्याचा चेहरा देण्यात आला, आणि गुंतागुंतीचा प्रश्न एकाएकी सोपा वाटू लागला.

सीमाप्रश्नही असाच सोपा करण्यात आला. तो सुटेपर्यंत केंद्रीय मंत्र्यांना मुंबईत पाऊल ठेवू देणार नाही, अशी घोषणा झाली. ७ फेब्रुवारी १९६९ रोजी उपपंतप्रधान मोरारजी देसाई मुंबईत आले असता माहीम येथे त्यांची गाडी अडविण्याचा प्रयत्न झाला. गाडी थांबली नाही, आणि त्यातून उसळलेली दंगल कित्येक दिवस चालली. दुकाने व हॉटेले जाळली गेली, पोलिसांनी गोळीबार केला, पन्नासाहून अधिक माणसे प्राणांस मुकली. श्री. ठाकरे, श्री. मनोहर जोशी व श्री. दत्ताजी साळवी ह्यांना स्थानबद्ध करण्यात आले. तुरुंगातून श्री. ठाकरे ह्यांनी शांततेचे आवाहन काढले.

ह्या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. ज्या शहरात शांतता राखण्याचे काम कायद्याचे असावयास हवे तेथे ती एका स्थानबद्ध पुढाऱ्याच्या शब्दावर अवलंबून आहे, असे सर्वांना दिसून आले. लोकशाहीला धोका पोहोचतो तो पुष्कळदा असा. राज्यघटना जागच्या जागी असते, निवडणुकाही होतात. परंतु कोणाला भ्यावे व कोणाला विचारावे ह्याविषयीची लोकांची समजूत बदलून जाते.

सावलीला बसलेले

आता तीन झाडांकडे वळू. त्या काळी राज्यात काँग्रेसचे सरकार होते आणि श्री. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. कम्युनिस्टांच्या कामगार संघटना मोडण्यास शिवसेना उपयोगी पडते, म्हणून सत्ताधारी तिच्याकडे कानाडोळा करतात, असा बोलबाला इतका झाला की लोक तिला ‘वसंतसेना’ म्हणू लागले. १९६७ साली परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत लोकशाही समाजवादाचा आयुष्यभर पुरस्कार करणाऱ्या प्रजा समाजवादी पक्षाने शिवसेनेशी युती केली आणि सेनेला ४२ जागा मिळाल्या. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई ह्यांचा खून झाला. त्यांच्या जागेसाठी झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या. निवडून आले ते शिवसेनेचे श्री. वामनराव महाडिक. सेनेचा विधानसभेतील हा पहिला विजय होय.

ज्यांनी ज्यांनी ही सावली वापरली त्यांचा हिशेब एकच होता : हे तात्पुरते आहे, आपल्या कामाचे आहे, काम झाले की आवरता येईल. परंतु वापर कोण कोणाचा करीत होते, हे पुढील इतिहासाने दाखविले. १९७५ च्या आणीबाणीत नागरिकांचे मूलभूत हक्क गोठविले गेले तेव्हा श्री. ठाकरे ह्यांनी तिला पाठिंबा दिला. लोकशाहीपेक्षा ‘ठोकशाही’ बरी, असे ते उघडपणे म्हणत. आततायी राजकारणाचा शत्रूही एक राहत नाही. प्रथम दाक्षिणात्य, मग कम्युनिस्ट, आणि पुढे मुसलमान, असा तो बदलत गेला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. १९९५ साली शिवसेना व भारतीय जनता पक्ष ह्यांचे सरकार आले, आणि जानेवारी १९९६ मध्ये त्या सरकारने चालू असलेला हा आयोगच गुंडाळला. त्याच वर्षी तो पुन्हा नेमावा लागला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आयोगाने शिवसेनेच्या नेत्यांवर स्पष्ट ठपका ठेवला.

हा रोग एकाच भाषेचा किंवा एकाच राज्याचा नाही. कर्नाटकात १९९१ साली कावेरीच्या पाण्यावरून बंगळूरात तमिळ भाषकांची घरे व दुकाने जाळली गेली. तेथेही प्रश्न खरा होता, आणि तेथेही मार खाल्ला तो बहुतांशी हातावर पोट असणाऱ्यांनी.

श्री. ठाकरे ह्यांनी हिटलरविषयीचे कौतुक लपविले नव्हते. म्हणून जर्मनीचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरणार नाही. १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला १२ जागा होत्या. मंदीने लाखो लोकांना बेकार केल्यावर १९३० साली त्या १०७ झाल्या आणि जुलै १९३२ मध्ये २३०. तरीही स्वतंत्र निवडणुकीत त्याला बहुमत कधीच मिळाले नाही. आपण त्याला आवरू, असे समजणाऱ्या प्रतिष्ठित मंडळींनी त्याला ३० जानेवारी १९३३ रोजी सत्तेवर बसविले. २३ मार्चला संसदेचे अधिकार त्याच्या हवाली करणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला. विरोधी मते केवळ सामाजिक लोकशाहीवाद्यांची होती. कॅथलिकांच्या मध्य पक्षाने अनुकूल मत दिले, आणि त्या पक्षाचे नेते लुडविग कास हे स्वतः धर्मगुरू होते. मंडळीच्या संस्थांना अभय मिळेल, ही त्यांची आशा होती. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील विरोधकांनी मे १९३४ मध्ये बार्मेनची घोषणा केली. तिचा मसुदा मुख्यत्वे कार्ल बार्ट ह्यांचा. ख्रिस्ताखेरीज मंडळीचा दुसरा कोणी प्रभू नाही, हे तीत धैर्याने सांगितले आहे. परंतु छळल्या जाणाऱ्या यहुद्यांविषयी तीत एक शब्दही नाही. अंजिराने आपल्या गोडव्यापुरतेच पाहिल्याचे ह्याहून दुःखद उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

ज्यांच्या नावाने आग लागली

१९६९ च्या दंगलीनंतर एकही गाव इकडचे तिकडे झाले नाही. ज्यांना त्या वेळी स्थानबद्ध केले होते ते श्री. जोशी १९९५ साली मुख्यमंत्री झाले, तरीही सीमाप्रश्न होता तेथेच राहिला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, म्हणजे जो मार्ग भेकडांचा म्हणून हिणविला गेला होता त्याच मार्गावर परत यावे लागले.

आणि ज्यांच्या नावाने मुंबईत माणसे मेली त्या आमच्या तालुक्याचे काय झाले? काळी नदीवर सुपा येथे मोठे धरण बांधले गेले. जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले आणि विस्थापितांना रामनगर येथे नव्याने घरे उभारावी लागली. पुढे अभयारण्य व व्याघ्र प्रकल्प आले, आणि रानातल्या वाड्यांवर राहणाऱ्यांपुढे जमिनीच्या हक्काचे नवे प्रश्न उभे राहिले. गोव्यातील कुणब्यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. सीमेच्या अलीकडचे त्यांचेच भाऊबंद तोच दर्जा वर्षानुवर्षे मागत आले. २०११ च्या जनगणनेत ह्या विस्तीर्ण तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५० हजार होती. इतक्या थोड्या मतांसाठी शहरे पेटत नाहीत. सुप्याचे नाव घेणाऱ्या सभांनी सुप्याच्या माणसाला त्याचे खरे दुखणे काय, हे विचारले नाही. आततायी राजकारणाची ही खूण ओळखण्यास सोपी आहे. ते तक्रार उचलते, परंतु तक्रार करणाऱ्याचा आवाज मागेच ठेवते.

मंडळीपुढील काम

शखेमच्या कथेचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. तीनच वर्षांत राजा आणि प्रजा एकमेकांवर उलटली, आणि गढीत आसरा घेतलेली सुमारे हजार स्त्री-पुरुष माणसे अबीमलेखाने लावलेल्या आगीत मेली. त्याला राजा करणारे आणि जळून मेलेले एकाच गावचे होते.

ह्यातून आम्ही जे शिकतो ते थोडक्यात असे. आततायीपणाचा निषेध करणे आवश्यक आहे, परंतु तेवढ्याने तो थांबत नाही. त्याच्या हाती लागण्यापूर्वी लोकांची तक्रार कोणी तरी ऐकून घेतली पाहिजे. विस्थापिताचा अर्ज लिहून देणे, ग्रामसभेत त्याच्या शेजारी बसणे, आयोगाचा अहवाल धूळ खात पडला असेल तर पुन्हापुन्हा विचारणा करणे, ही कामे नीरस आहेत. तथापि लोकशाहीचे दार उघडे राहते ते अशाच कामांनी. दुसरे असे की, आपल्या माणसाचा अन्याय आपला म्हणून झाकू नये. मंडळीच्या पंच निवडणुकीतसुद्धा भाषा व जात पाहून मते मागितली जातात. तेथे जे आपण चालवून घेतो ते गावात नाकारण्याचे बळ आपल्यात कोठून येणार? तिसरे म्हणजे, आपल्या संस्था सुरक्षित राहाव्यात म्हणून दुसऱ्याच्या छळाविषयी गप्प राहण्याचा सौदा मंडळीने कधीही करू नये.

जैतुनाने आपले तेल सोडावे असे योथाम म्हणत नाही, आणि धर्मगुरूंनी सत्तेच्या खुर्चीवर बसावे असे आम्हीही म्हणत नाही. परंतु राजा निवडला जात असताना रान कोणाचे होणार आहे, हे पाहण्याची जबाबदारी त्या रानात उभ्या असलेल्या प्रत्येक झाडावर येते.