स्थलवासी कवचधर : ऋतुकालीन प्रजननाच्या अभ्यासाचा इतिहास

संधिपाद संघातील कवचधर प्राणी मूलतः जलचर होत. तथापि समपाद गणातील वुडलाउस या इंग्रजी नावाने ओळखले जाणारे लहान प्राणी आणि काही खेकडे जमिनीवर राहू लागले. कोरड्या हवेत अंडी व पिले सुकून जात असल्यामुळे त्यांच्यापुढील मोठा प्रश्न प्रजननाचा होता. पिलांची वाढ मादीच्या अंगाशी होणे आणि प्रजननाचा काळ अनुकूल ऋतूशी जुळणे, या दोन मार्गांनी तो सुटला. महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास दख्खनच्या पठारावरील खेकड्यापासून सुरू होतो.

बिशप रेजिनाल्ड हीबर यांनी १८२५ च्या पावसाळ्यात मुंबईहून बोरघाटमार्गे पुण्याचा प्रवास केला. दख्खनच्या गवताळ जमिनीत बिळे करून राहणारे लहान खेकडे विपुल असल्याची नोंद त्यांच्या प्रवासवर्णनात (१८२८) आहे. घाट व पुणे यांमधील याच मार्गावर आज पिंपरी-चिंचवड हे औद्योगिक शहर वसले आहे. पुढे लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी पाठविलेल्या माहितीच्या आधारे जे. ओ. वेस्टवुड यांनी दख्खनच्या खेकड्याचे शास्त्रीय वर्णन केले (१८३६). त्याचे आजचे नाव बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस असे आहे. क्युनिक्युलॅरिस हे जातिनाम बिळे करण्याच्या सवयीचे द्योतक आहे. अ‍ॅल्फ्रेड अल्कॉक यांनी १९१० मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्यूझीयममधील गोड्या पाण्यातील खेकड्यांची सूची प्रसिद्ध केली. या काळातील अभ्यासाचा भर मुख्यत्वे वर्गीकरणावर होता.

प्रजननाच्या दृष्टीने दख्खनचा खेकडा समुद्रापासून पूर्णपणे स्वतंत्र आहे. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरील तांबडे खेकडे पावसाळ्याच्या आरंभी समुद्राकडे स्थलांतर करतात व माद्या डिंभ पाण्यात सोडतात. दख्खनच्या खेकड्यात अशी मुक्त डिंभावस्था नसते. अंडी मोठी व भरपूर पीतक असलेली असतात. ती मादीच्या उदराखाली चिकटलेली राहतात व त्यांतून छोटे खेकडेच बाहेर पडतात. पिलेही काही काळ मातेच्या उदराखालीच राहतात. समपादांत मादीच्या पायांच्या बुडाशी असलेल्या पातळ पट्टांची शिशुधानी (पिलांची पिशवी) बनते. तीतून बाहेर पडणाऱ्या पिलांना पायांच्या सहाच जोड्या असतात. सातवी जोडी नंतर कात टाकताना येते.

समशीतोष्ण प्रदेशातील आर्माडिलिडियम व्हल्गेर या समपादात दिवस लांबू लागले, की प्रजननास चालना मिळते. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत सुमारे दोन तासांचाच फरक असतो. येथे ऋतूचे मुख्य लक्षण म्हणजे पाऊस. परंतु अंडाशयात पीतक साठण्यास बराच काळ लागत असल्याने शरीराची तयारी अगोदरच सुरू व्हावी लागते. या तयारीचे नियमन कसे होते, याचा उलगडा विसाव्या शतकात होऊ लागला. फ्रान्समध्ये पानूझ यांनी कोळंबीचे नेत्रवृंत (डोळ्यांचे देठ) काढले असता तिच्या अंडाशयांची वाढ वेगाने झाली (१९४३). त्यावरून जननग्रंथींची वाढ रोखणारे हॉर्मोन नेत्रवृंतात असते, हे स्पष्ट झाले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठात ए. डी. दिवाण व आर. नागभूषणम यांनी बॅरिटेल्फुसा क्युनिक्युलॅरिस या खेकड्याचे जननचक्र आणि त्याच्या जननग्रंथींतील जैवरासायनिक बदल यांचा अभ्यास प्रसिद्ध केला (१९७४). साइक्स-वेस्टवुड यांच्या वर्णनानंतर १३८ वर्षांनी त्या खेकड्याच्या नावाला अशा रीतीने कालगणनेची जोड मिळाली.

भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यास १९५९ मध्ये स्थापन झाले; ते आता पिंपरी-चिंचवडमधील आकुर्डी येथे आहे. तेथील समीर कुमार पती यांनी सहकाऱ्यासह २०१४ मध्ये पश्चिम घाटातील घाटियाना हा नवा वंश वर्णिला व त्यानंतर महाराष्ट्रातील अनेक नव्या जातींची भर पडली. जननचक्राचा अभ्यास मात्र मोजक्याच जातींचा झाला आहे. ही उणीव केवळ शास्त्रीय नाही. पहिल्या पावसानंतर खेकडे बिळांबाहेर पडतात व त्याच वेळी ते खाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर पकडले जातात. अंडी किंवा पिले बाळगणारी मादी पकडली गेल्यास तिच्याबरोबर त्या वर्षीची सारी वीणही नष्ट होते. पिंपरी ते चाकण या पट्ट्यात माळ व ओढ्यांचे काठ यांवर कारखाने व वसाहती उभ्या राहिल्याने बिळांची जागाही आक्रसली आहे. कोणत्या जातीच्या माद्या कोणत्या आठवड्यांत अंडी बाळगतात हे ठरविल्याखेरीज तेवढ्या काळापुरती पकड थांबविण्याचा साधा उपायही योजता येणार नाही.